मैत्रिणीचं सुतक कोणी पाळायचं?

पत्राचा सारांश (ओळख पटेल असे तपशील आणि पात्रांची नावं बदलली आहेत): सांगलीकडच्या 27 वर्षांच्या एका वाचक मैत्रिणीने नोकरी सांभाळून 15 ते 18 वयाच्या मुलांसाठी पहिली कादंबरी लिहिली आहे. बारावीतली अनू, तिची जिवाभावाची मैत्रीण कस्तुरी आणि दोघींचा मित्र ओंकार. श्रावणातल्या एका संध्याकाळी क्लासहून परतताना वडिलांच्या स्कूटरवर कस्तुरीचा अपघात होतो आणि ती जाते. पुढे अनू-ओंकार जवळ येतात. शेवटच्या प्रकरणात वाचकाला कळतं की कस्तुरीलाही ओंकार आवडायचा आणि हे अनूला आधीपासून ठाऊक होतं. मजकूर 58,000 शब्दांचा असून पाच भागांत विभागला आहे: नकार, राग, सौदा, खिन्नता, स्वीकार. वाचून पाहणाऱ्या एकाने सांगितलं, ‘आधी नुसती रडारड, मग एकदम लव्हस्टोरी.’ दुसरी म्हणाली, ‘अनू स्वार्थी वाटते.’ लेखिकेच्या आईचं म्हणणं, पोरांच्या पुस्तकात प्रेम कशाला? तर प्रेमाचा धागा काढून टाकावा का? आणि दुसरा प्रश्न: कस्तुरी पूर्ण काल्पनिक नाही. लेखिकेची वर्गमैत्रीण अशीच गेली होती. तिची आई शेजारच्या गल्लीत राहते, दर संक्रांतीला हळदीकुंकवाला बोलावते. त्यांना सांगावं का, आणि कसं?

उत्तर:

प्रेमाचा धागा काढू नका. पण आज तो जिथे आहे तिथे ठेवूही नका. तुमच्या दोन्ही वाचकांनी दुखणं बरोबर दाखवलंय, कारण मात्र दोघांच्याही हाती लागलेलं नाही. कारण तुमच्या पाच भागांत आहे.

ते पाच टप्पे एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांच्या 1969 च्या पुस्तकातून आले. त्यासाठी त्यांनी बोलतं केलं होतं ते स्वतः मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांना. मागे राहिलेल्या मैत्रिणीच्या दुःखाचा तो नकाशा नव्हता. नंतर तो सगळ्यांनाच लावला गेला. तुम्ही त्याचा जिना केलात. अनूने एकेक पायरी चढायची, आणि वर पोचल्याचं बक्षीस म्हणून ओंकार. त्यामुळे तो खऱ्या अर्थाने गोष्टीत येतो 36,000 शब्दांनंतर, म्हणजे छापील सव्वाशे पानं उलटल्यावर. तोपर्यंत वाचकाने हे दुःखाचं पुस्तक आहे असं ठरवलेलं असतं, आणि अचानक हातात दुसरंच पुस्तक दिल्यासारखं होतं.

यामागे तुम्ही एक गोष्ट गृहीत धरली आहे: आधी दुःख संपायला हवं, मगच प्रेमाला जागा. सतरा वर्षांच्या मुलीचं तसं होत नाही. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट या अभ्यासकांनी 1999 मध्ये मांडलेलं प्रारूप तुमच्या जास्त उपयोगाचं आहे. त्यांच्या मते शोक करणारा माणूस दोन बाजूंमध्ये हेलकावत असतो. एका बाजूला गेलेल्या माणसाची ओढ, दुसऱ्या बाजूला नव्याने जगायची कामं, आणि हे एकाच दिवसात अनेकदा. सकाळी प्रॅक्टिकलच्या जोडीदाराची रिकामी जागा बघून पोटात गोळा येतो, दुपारी कँटीनमध्ये कशावरून तरी खदखदून हसू येतं, आणि रात्री त्या हसण्याचीच लाज वाटते. ओंकार या दुसऱ्या बाजूला उभा आहे. त्याने दुःख संपेपर्यंत दाराबाहेर थांबायचं कारण नाही.

यावरून एक काम करा. वहीच्या पानावर प्रत्येक प्रकरणासाठी दोन रकाने आखा. डावीकडे, या प्रकरणात अनूला कस्तुरीची कोणती उणीव नव्याने कळली. उजवीकडे, तिला कोणती नवी गोष्ट एकटीने करावी लागली किंवा नव्याने मिळाली. लागोपाठ तीन प्रकरणांत एकच रकाना भरलेला दिसला, की वाचक नेमकं तिथेच पुस्तक खाली ठेवतो असं समजा. तुमच्या मजकुरात पहिल्या निम्म्या भागाचा उजवा रकाना बहुधा कोरा निघेल. भागांची ती पाच नावं तर आजच खोडा. वाचकाला पुढचं स्टेशन आधीच कळतं.

आता मुख्य मुद्दा. कस्तुरी गेल्यावर तिच्या घरच्यांना, भाऊबंदांना सुतक आहे. दहावा आहे, तेरावा आहे, भेटायला येणारे आहेत, न बोलता शेजारी बसून राहणाऱ्या बायका आहेत. अनूला काय आहे? स्मशानात तिला कोणी नेत नाही. कॉलेजात दोन मिनिटं उभं राहायचं, एखादा दिवस सुट्टी, आणि सोमवारपासून टेस्ट सिरीज. घरी आल्यावर आंघोळ करून तिने ताटावर बसायचं. पंधरा दिवसांनी ‘आता पुरे, बारावीचं वर्ष आहे’ हे वाक्य घरात पहिल्यांदा उच्चारलं जातं. केनेथ डोका यांनी 1989 मध्ये अशा शोकाचा विचार मांडला: ज्याला समाज जागा देत नाही, म्हणून जो उघडपणे करता येत नाही, तो शोक. मैत्रिणीचा शोक तसाच असतो. आणि सतरा वर्षांच्या मुलीचं पहिलं प्रेम? तेही घरात मान्य नसतं, तेही क्लासच्या वेळा पुढेमागे सांगून, मोबाइल पालथा ठेवून लपवावं लागतं. अनूकडे घराला न दाखवता येणाऱ्या दोन गोष्टी आहेत आणि त्या दोन्ही फक्त ओंकारला ठाऊक आहेत. तुमच्या कादंबरीचा कणा हाच. दोन धाग्यांपैकी एक उपटलात तर दुसरा आपोआप सैल पडेल.

म्हणूनच अनू स्वार्थी वाटते ती ओंकारच्या जवळ गेली म्हणून नव्हे. तुम्ही वाचकापासून तिचं गुपित शेवटपर्यंत दडवलंत म्हणून. धक्का बसतो, पण महागात पडतो: मागची सगळी पानं वाचकाला फसवणूक वाटू लागतात. कस्तुरीने ‘मला ओंकार आवडतो, कुणाला सांगू नकोस’ म्हटलेलं वाचकाला तिसऱ्याच प्रकरणात, ती जिवंत असताना कळू द्या. मग अपघातानंतर अनू आणि ओंकार गाड्यावर भडंग खात उभे राहिले, तरी त्या पुडीत तिसरा हात आहे हे वाचकाला दिसत राहील. ओंकारला ते सांगायचं की नाही, हा अनूचा प्रश्न मग पुस्तकभर पुरतो. ओंकारच्या जागी कोणी अनोळखी मुलगा आणायचा पर्यायही तुमच्या मनात येईल. त्याने अपराधी भाव कमी होईल आणि लिहिणं सोपं जाईल. पण तो मुलगा कस्तुरीला ओळखतच नसेल, तर तिच्याबद्दल अनू कुणाशी बोलणार?

मांडणीचं गणित असं ठेवून बघा. साधारण 2,000 शब्दांची 26 प्रकरणं, एकूण 52,000 शब्द. पुस्तकांच्या नेहमीच्या डेमी आकारात दोनशेच्या आत पानं बसतात. आजचे 6,000 शब्द कमी होतील, ते कुठून, ते पुढे सांगते. ओंकार पहिल्या प्रकरणात, एखाद्या फुटकळ कामासाठी. अपघात चौथ्याच्या शेवटी. आज तुमच्याकडे अपघात दुसऱ्या पानावर आहे, म्हणजे कस्तुरीची ओळख व्हायच्या आत ती जाते. ज्या मुलीला वाचक भेटलाच नाही, तिच्यासाठी त्याला रडायला सांगू नका. तिचे तीन तरी पूर्ण प्रसंग हवेत. आणि त्यात तिला देवी करू नका. तुमच्या मजकुरात तिच्यात एकही खोट नाही. तिच्याबद्दलच्या दहा गोष्टी लिहून काढा, त्यातल्या चार चीड आणणाऱ्या असू देत: उसनं घेतलेलं जर्नल परत न करणं, सगळ्यांदेखत अनूची टिंगल करणं. आणि तीन गोष्टी अर्धवट राहू देत. एक भांडण, एक उसने पैसे, एक न उघडलेला मेसेज. अनूला कस्तुरीचा राग यायला हवा आणि गेलेल्या माणसावर रागवायचं नसतं म्हणून तो गिळावा लागायला हवा.

पुढच्या वर्षाला आयतं कॅलेंडर आहे, ते तुम्ही वापरलेलंच नाही. श्रावणात मृत्यू म्हणजे थोड्याच दिवसांत गणपती. सांगलीत तर चतुर्थीच्या आधीच, गाजावाजा न करता, चोर गणपती बसतो, सणाची चाहूल लागलेली असते. कस्तुरीच्या घरी आरास नाही आणि अनूच्या घरी मोदक वळायला हात हवेत. आरतीत टाळ कुणी वाजवायचे? दिवाळीत कस्तुरीच्या घरी तळण नाही, नातेवाईक फराळाचे डबे आणून देतात. अनूच्या आईने डबा भरला तर तो घेऊन कोण जाणार? मग डिसेंबर. सलग 120 दिवस न वापरलेलं खातं व्हॉट्सअॅप साधारणपणे काढून टाकतं. कस्तुरीचा फोन अपघातात फुटलाय, कुणी तो पुन्हा चालू केलेला नाही, आणि एका सकाळी तिघांच्या ग्रुपमध्ये दोघंच उरतात. हा प्रसंग आजच्या मुलांना कुठल्याही श्राद्धापेक्षा जास्त लागेल. जानेवारीत प्रिलिम, फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्ड, एप्रिल-मेमध्ये सीईटी, निकाल, मग कोण पुण्याला आणि कोण इथेच ही ओढाताण, आणि तिथीने वर्षश्राद्ध पुन्हा श्रावणात. हजेरीत कस्तुरीचा नंबर आला की सर क्षणभर थांबून पुढचा नंबर घेतात, हेही वर्षभर चालू ठेवता येतं. एका दिवशी ते थांबत नाहीत.

अपघाताचा तपशील नीट करून घ्या. तुमच्याकडे त्याच रात्री अंत्यविधी उरकतो. संध्याकाळचा अपघाती मृत्यू असेल तर सिव्हिलमध्ये पंचनामा, शवविच्छेदन, मगच ताबा. बहुतेक वेळा दुसरा दिवस उजाडतो. ती मधली रात्र अनूने कुठे काढली? तिथे एक प्रकरण दडलेलं आहे. दुसरं म्हणजे कस्तुरी सतरा वर्षांची. 16 ते 18 वयात परवाना मिळतो तो बिनगिअरच्या, 50 सीसीपर्यंतच्या गाडीचा. बाजारातल्या नेहमीच्या स्कूटर 110 सीसीच्या पुढच्या. म्हणजे वडिलांनी चावी दिली हाच मुळात नियमभंग. मोटार वाहन कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीनाकडून वाहनाचा गुन्हा घडला तर पालक किंवा गाडीमालकाला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंडाची तरतूद आहे, आणि विम्याच्या दाव्यातही परवान्याचा प्रश्न निघतो. तुम्हाला कोर्टकचेरी लिहायची नाही, पण वडिलांचं बोलणं का बंद झालं याला आता कारण मिळतं. ‘मी चावी दिली’ हे त्यांचं, ‘मी मागे बसणार होते’ हे अनूचं. दोघं एकमेकांसमोर येतात तो प्रसंग लिहिलेला नाही. तो लिहा.

6,000 शब्द कमी करायचे ते रडण्यातून. फाइलमध्ये शोध लावून ‘डोळे भरून’, ‘हुंदका’, ‘अश्रू’, ‘पोकळी’ किती वेळा येतात ते मोजा. मोठ्याने रडणं संपूर्ण कादंबरीत तीनदा पुरे. त्यातलं पहिलं अपघातानंतर लगेच नको, काही आठवड्यांनी, अगदी क्षुल्लक निमित्ताने यावं. या वयात दुःख बऱ्याचदा शरीरातून आणि वागण्यातून निघतं: पोट दुखणं, झोप उडणं किंवा दिवसभर झोपणं, मार्क घसरणं, धाकट्या भावावर विनाकारण खेकसणं. ते दाखवलंत की ‘ती खूप दुःखी होती’ हे वाक्य आपोआप गळून पडेल. बोलीचंही एक. तुमच्याकडच्या मुली आपसात ‘मी आलो, मी जातो’ असं सर्रास म्हणतात आणि तुमच्या मुली मात्र पाठ्यपुस्तकातलं बोलतात. तिघांच्या संवादात घरची बोली येऊ द्या, आणि मुद्रितशोधनात कुणी ती ‘सुधारणार’ नाही याची आधीच लेखी सूचना द्या.

आईच्या आक्षेपाकडे येऊ. नववीतल्या मुलाचं पहिलं प्रेम सांगणारी मिलिंद बोकीलांची ‘शाळा’ 2004 ची आहे आणि मराठी घरांनी ती आनंदाने वाचली आहे. त्यामुळे ‘चालत नाही’ हे खरं नाही. आईच्या बोलण्यातला घेण्यासारखा भाग वेगळा आहे: दोघं अठराच्या आतली आहेत, तेव्हा शारीरिक जवळिकीचं सविस्तर वर्णन नकोच. कायदा तर आहेच, पण गोष्टीलाही त्याची गरज नाही. तुमच्या 19 व्या प्रकरणातलं मिठीचं दीड पान काढा. त्याऐवजी ओंकारला एखादी चूक करू द्या. तो आत्ता इतका समंजस आहे की समुपदेशक वाटतो. त्याने चुकून अनूला कस्तुरीच्या नावाने हाक मारली तर? आणि प्रेमाने अनू बरी झाली असं दाखवू नका. वाचणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलीला त्यातून ‘कोणीतरी मुलगा यायला हवा’ एवढंच कळेल.

शेवटी अनू नदीत चिठ्ठी सोडून कस्तुरीला ‘मोकळं’ करते. हे फार वेळा पाहिलेलं आहे. क्लास, सिल्व्हरमन आणि निकमन यांच्या 1996 च्या मांडणीनंतर गेलेल्याशी नातं तोडणं हे शोकाचं ध्येय मानलं जात नाही. नातं वेगळ्या रूपात चालू राहू शकतं. चिठ्ठी ठेवायचीच तर ती कस्तुरीच्या वडिलांच्या हाती पडू दे.

एका प्रकरणाबद्दल मात्र ठाम सांगणं आहे. अनू जीव द्यायच्या विचाराने एका पुलावर जाऊन उभी राहते. पत्रात पुलाचं नाव आहे, ते इथे मुद्दाम छापलेलं नाही. तुम्हीही छापू नका. जागतिक आरोग्य संघटनेने माध्यमांना दिलेल्या मार्गदर्शनात जागा आणि पद्धत यांचं वर्णन टाळायला सांगितलं आहे, कारण आधीच त्रासात असलेला वाचक त्याचं अनुकरण करू शकतो. विचार येतो हे लिहा, जागा आणि कृती वगळा, आणि त्याच प्रकरणात अनू ते एका मोठ्या माणसाला स्पष्ट शब्दांत सांगते असं दाखवा. ओंकारला सांगणं पुरेसं नाही. सतरा वर्षांच्या मुलावर ते ओझं टाकायचं नसतं. पुस्तकाच्या अखेरीस टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक द्या. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येतं. लिहिताना तुमचंच मन खचत असेल तर तो तुमच्यासाठीही आहे.

आता काकूंचा, म्हणजे गेलेल्या वर्गमैत्रिणीच्या आईचा प्रश्न. ‘सांगावं का’ असं तुम्ही विचारता, तेव्हा त्यांची परवानगी मिळाली की जबाबदारी संपली असं गृहीत धरता. तसं होत नाही. तुमचं दुःख तुमचं आहे, ते लिहायला कुणाची संमती लागत नाही. मैत्रिणीच्या शेवटच्या दिवसांतलं सगळं, तिच्या घरातले वाद, तिचं कुणावर प्रेम होतं की नव्हतं, हे त्यांचं आहे. म्हणून आधी तीन थर बदला: मृत्यूची नेमकी परिस्थिती, घरातल्या माणसांची रचना, आणि गावात ज्यावरून तिला ओळखतात ती लकब. बदललेला मजकूर वर्गातल्या एखाद्या जुन्या मित्राला, काही न सांगता, वाचायला द्या. त्याने ‘ही तीच ना?’ विचारलं तर अजून बदल हवा. कस्तुरी-ओंकार हा भाग तर खास तपासा, कारण गावात लोक तो खरा धरतील. ‘सर्व पात्रे काल्पनिक’ ही ओळ ढाल नव्हे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 खाली मृत व्यक्तीबद्दलचा मजकूरही, घरच्यांच्या भावना दुखावण्याच्या हेतूने बदनामी करणारा असेल, तर अब्रूनुकसानीत येऊ शकतो. तुमचा तसा हेतू नाही, पण काकूंना कायद्याच्या आधी गल्लीचं बोलणं ऐकावं लागेल.

त्यांना सांगा, नक्की सांगा. प्रकाशकाकडे पाठवण्याआधी, आणि दुरुस्त झालेला मजकूर हातात असताना. अर्धवट असताना सांगितलंत तर प्रत्येक ओळ त्यांच्या चेहऱ्याकडे बघून लिहाल. हळदीकुंकवाच्या गर्दीत नको, तिथीच्या आसपास नको. एखाद्या साध्या दुपारी फोन करून जा. पहिल्या भेटीत कागद नेऊ नका. एवढंच म्हणा: ‘काकू, मी एक गोष्ट लिहिलीय. त्यात एका मुलीची मैत्रीण जाते. ती आपली नाही, पण आपली गेली नसती तर मी हे लिहिलं नसतं. तुम्हाला वाचायचं असेल तर आणून देते, नसेल तरी चालेल. यात येऊ नये असं काही असेल तर सांगा.’ उत्तर लगेच मागू नका, आठपंधरा दिवस जाऊ द्या. त्या एखादी गोष्ट नको म्हणाल्या तर वाद न घालता काढा. एका तपशिलावाचून तुमची कादंबरी अडत नाही. त्या पूर्णच नको म्हणाल्या, तर वर्षभर बाजूला ठेवून आणखी दूर नेता येते का पाहा. अर्पणपत्रिकेत नाव घालायचं असेल तर तेही विचारूनच, आणि पूर्ण नावापेक्षा घरचं हाकेचं नाव बरं वाटतं का तेही त्यांनाच विचारा.

दुरुस्ती झाली की पुन्हा मोठ्यांना वाचायला देऊ नका. 15 ते 17 वयाची चार मुलं शोधा, त्यात किमान एक मुलगा आणि एक फारसं न वाचणारं. त्यांच्या पालकांना विषय आधी सांगा, आणि अलीकडेच कोणी जवळचं गेलेलं असेल अशा मुलाला हा मजकूर देऊ नका. ‘आवडलं का’ विचारलंत तर ‘हो ताई, छान आहे’ एवढंच ऐकायला मिळेल. पेन्सिल द्या आणि दोनच खुणा करायला सांगा: जिथे मोबाइल हातात घेतला तिथे फुली, आणि जिथे ‘आमच्यात असं कुणी बोलत नाही’ वाटलं तिथे गोल. दोघांच्या फुल्या एकाच पानावर आल्या तर ते पान पुन्हा लिहा.